माणिकअण्णा, हाक तुमचीच होती

माणिकअण्णा, उद्या तुमचं तेरावं आणि परवा आमच्या शाळेत शोकसभा. हेडमास्तरांनी काल मला व्हरांड्यात गाठलं. "कांबळे बाई, तुम्हीच बोला. ड्रोनचा वर्ग तुम्ही दोघांनी उभा केला. चांगलं बोला." त्यातलं 'चांगलं' त्यांनी जरा दाबून म्हटलं. मी मान हलवली. घरी येऊन कागद पुढ्यात घेतला आणि दोन तासांत एक ओळ सुचली नाही. चांगलं बोलण्यासारखं भरपूर आहे, तेही सगळं खरं. पण मला तुमचा इतका राग आलाय की अक्षर वाकडं येतंय. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी खुशाल पाळावं. मी आधी तुमच्याशी भांडणार आहे, सभेचं मग बघू.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या प्रयोगशाळेत आलात तेव्हा मला वाटलं, पंखा दुरुस्त करायला कुणाला तरी बोलावलंय. काखेत खाकी खोका, खिशाला टेस्टर. तुमचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान तेव्हा बंद पडलं होतं. भिंतीवरच्या पातळ टीव्हींना तुमचा हात लागू देत नव्हते लोक. खोक्यातून तुम्ही तळहाताएवढा ड्रोन काढलात, माझ्या टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "बाई, पोरं मोबाईलवर बघून हे मागवायलेत अन् गच्चीवरून उडवायलेत. कुणाला तरी लागंल एक दिवस. आपण शिकवू." मी म्हटलं, मला उडवता येत नाही. तर तुम्ही हसून म्हणालात, "उडवायचं मी बघतो की. न उडवायचं तुमी शिकवा."

त्या एका वाक्यावर मी तुमच्याबरोबर आले, अण्णा. इतकं शहाणं बोलणारा माणूस मला आमच्या स्टाफरूममध्येही भेटला नव्हता.

बीदरमध्ये ड्रोनचा वर्ग काढायचा म्हणजे विहीर नसलेल्या गावात पोहायला शिकवायचं, असं म्हणून सगळ्यांनी आपली चेष्टा केली. चुकीचं नव्हतंच ते. हवाई दलाचं ठाणं उशाला, त्यामुळे ड्रोन कुठं उडवायचा ते सांगणाऱ्या सरकारी नकाशात आख्खं शहर लाल. नौबादच्या तुमच्या घराच्या गच्चीवर पहिल्या दिवशी पोरं खोका उघडायची वाट बघत बसली होती आणि तुम्ही फोनवरचा नकाशा दाखवत होतात. "लाल म्हंजे काय? लाल म्हंजे डबा उघडायचा न्हाई." एकानं विचारलं, जरासं उडवलं तर कुणाला कळतंय? तेवढ्यात डोक्यावरून सरावाचं विमान गेलं, कानठळ्या बसवत. ते जाईस्तोवर तुम्ही थांबलात. मग म्हणालात, "त्यातल्या माणसाला कळतंय बाबा. आभाळ त्यांचं हाय, आपण भाडेकरू. मालकाच्या खोलीत शिरायचं न्हाई."

पहिले तीन महिने ड्रोन उडालाच नाही, त्या गच्चीवर तर कधीच नाही. पोरांनी पंखे काढले, बसवले, मोटारीतली माती ब्रशनं झाडली. फुगलेली बॅटरी कशी ओळखायची, ती वाळूच्या बादलीत का ठेवायची, हे तुम्ही असं शिकवलंत की अजून पोरं म्हणतात, फुगलेली पुरी ताटात, फुगलेली बॅटरी वाळूत. आणि तो खेळ! एक पोरगं ड्रोन व्हायचं, पाठीला कापडाची शेपटी लावून गच्चीवर चालायचं. दुसरं रिमोट धरून हुकूम द्यायचं. शेपटी आपल्याकडे असेपर्यंत डावं ते डावं. ड्रोननं आपल्याकडे तोंड फिरवलं की डाव्याचं उजवं होतं आणि मग हुकूम देणारा गडबडतो, ड्रोन कठड्यावर आदळतो, सगळी हसून लोळतात. हसून झालं की तुमचं ठरलेलं असायचं, "म्हणून उतरवताना काय? शेपटी आपल्याकडं, तोंड रानाकडं." मीही पोरांबरोबर म्हणायचे.

खरं उडवायला आपण दर रविवारी तुमच्या गावी, राजेश्वरला जायचो. पहाटेची बस, मांडीवर खोके, आमच्या शाळेची सहा पोरं. गावातली आणखी पाच-सहा तिथं यायची, त्यांत तुमच्या चुलतभावाची भाग्यश्री, नववीतली. त्या दिवसाचा नकाशा हिरवा आहे का ते आधी बघायचं, मग तुम्ही कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी फक्की मारून रानात पांढरं रिंगण आखायचात. उडवणारा तो 'हात'. शेजारी नुसता बघत उभा राहणारा तो 'डोळा'. हातानं रिमोटकडे बघायचं, डोळ्यानं फक्त आभाळाकडे. ड्रोन उतरला की हात ओरडणार, "पंखे बंद!" डोळा स्वतः बघून तेच परत ओरडणार, "पंखे बंद!" दोन हाका झाल्याशिवाय रिंगणात पाय टाकायचा नाही. तुम्ही हात असलात की डोळा मीच असायचे.

यावरून आपलं एक भांडण कायमचं राहिलं. मी म्हणायचे, वही ठेवू या. कुणी उडवला, डोळा कोण, हाक कुणी दिली, सगळं लिहू या. तुम्हाला वहीचं नावही नको असायचं. "लिवलेलं कोण वाचतंय बाई? नियम तोंडात बसला पायजे." मी हेका धरला की तुम्ही मला 'कारकूनबाई' म्हणायचात. मला राग यायचा आणि हसूही यायचं. वही कधी झालीच नाही. वर्गाचा सगळा कारभार तोंडी राहिला, एकमेकांच्या शब्दावर.

आणि माझा तुमच्या शब्दावर विश्वास होता. का नसावा? आमच्या घरी पहिल्यांदा आलात तेव्हा दारात घुटमळला नाहीत. बुद्धांच्या तसबिरीखाली मांडी घालून बसलात, आईच्या हातची अंबाड्याची भाजी दोनदा मागून घेतलीत आणि जाताना तिला म्हणालात, "अक्का, आमच्याकडं हिच्यात एवढं लसूण घालत न्हाईत, उगंच कंजूषपणा करतेत." आई आठवडाभर तेच सांगत होती सगळ्यांना. तुमच्यातल्या लोकांनी आमच्या घरी पाणी पिण्याचीही तिला सवय नव्हती. मी तुम्हाला मनातून भाऊ मानलं ते त्या दिवशी. तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगते.

आता त्या रविवारचं.

थंडी होती. तुम्ही गावातली मोठी माणसं बोलावली होती, वर्ग बघायला. खुर्च्या मांडल्या होत्या, भाग्यश्रीचे वडील मधल्या खुर्चीवर. तुमच्या अंगावर इस्त्रीचा सदरा होता आणि आवाज नेहमीपेक्षा चढा. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. ड्रोन खाली येताना तुम्ही त्याचं तोंड आपल्याकडे फिरवलंत. पाहुणे कॅमेऱ्यात यावेत म्हणून असणार. मी म्हटलं, अण्णा, शेपटी. तुम्हाला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. ड्रोन टेकला, पण पंखे फिरत होते. मला दिसत होतं. पुढचं सगळं मोजून दोन-तीन सेकंदांचं. भाग्यश्री रिंगणात शिरली, उचलायला वाकली, तुमच्या हातून रिमोटवरची कांडी उलटी फिरली आणि ड्रोननं उडी घेतली. तिची डावी भुवई फाटली. डोळा वाचला. हुमनाबादच्या दवाखान्यात चार टाके पडले. तुम्ही तिला घेऊन पुढे गेलात, मी बाकीच्या पोरांना बसमध्ये घालून बीदरला आणलं.

पुढच्या आठवड्यात शाळेत चौकशी बसली. हेडमास्तर, संस्थेचे दोघं, भाग्यश्री आणि तिचे वडील. पहिलाच प्रश्न, पोरगी रिंगणात गेली कशी? हाक कुणी दिली? भाग्यश्री पट्टी बांधलेल्या कपाळानं खाली बघत होती. ती म्हणाली, "बाईंनी."

मला वाटलं, पोर घाबरलीय, तिचा घोटाळा झालाय. मी तिच्याकडे नाही, तुमच्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. माझ्याखेरीज त्या खोलीत एकच माणूस होता ज्याला खरं ठाऊक होतं. आणि तुम्ही, तीस वर्षांपूर्वी दुरुस्त केलेल्या टीव्हीत कुठला भाग बदलला ते सांगणारे तुम्ही, टेबलाकडे बघत म्हणालात, "आठवत न्हाई." कॅमेऱ्याचं विचारलं तर म्हणालात, "चालू न्हवता." मी सांगितलं, माझा हात थांबा म्हणून वर होता, हाक अण्णांनी दिली. मग कुणी फार विचारलं नाही. तुमचं आडनाव त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं, माझंही ठाऊक होतं. एकाच्या विस्मरणाला मान मिळाला आणि दुसरीच्या आठवणीला बहाणा म्हणाले. माझ्या सेवापुस्तकात 'निष्काळजीपणा' हा शब्द चिकटला तो असा. विज्ञान मंडळही काढून घेतलं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण तीन महिन्यांनी तुमचा वर्ग पुन्हा सुरू झाला आणि मला कुणी बोलावलं नाही. शनिवारी दुपारी पोरं खोके घेऊन तुमच्याकडे निघालेली मला स्टाफरूमच्या खिडकीतून दिसायची. त्यांतली एकदोन मला बघून मान खाली घालायची. बाईंमुळे त्या पोरीचा डोळा जात होता, हे शाळेत इतक्यांदा बोललं गेलं की खरं होऊन बसलं.

आणि अण्णा, सगळ्यांत वाईट काय झालं ते ऐका. माझाही विश्वास बसायला लागला. पोरगी खोटं कशाला बोलेल? अण्णा आठवत नाही म्हणतात म्हणजे खरंच आठवत नसेल. मग मीच तर ओरडले नसेन? हात वर होता की खाली? फळ्यावर आकृती काढता काढता माझा खडू थांबायचा. वर्षभर मी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेऊन जगले. दुधाखालचा गॅस बंद केला का हे बघायला मी शाळेतून घरी परत गेलेय, दोनदा.

तुम्ही जायच्या तीन आठवडे आधी तुमचा फोन आला होता. "बाई, येकदा या की नौबादला. बोलायचं हाय." मी म्हटलं, पेपर तपासायचेत. पेपर तपासून झाले होते. मला तुमच्यासमोर बसायचं नव्हतं. "बरं, सवडीनं या," म्हणालात तुम्ही, आणि फोन ठेवलात. काय बोलायचं होतं? आता मी तुम्हाला शंभर प्रश्न विचारू शकते आणि एकाचंही उत्तर यायचं नाही. मी आले असते तर तुम्ही सांगितलं असतंत का? की परत बॅटऱ्यांविषयी बोलून चहा पाजून पाठवलं असतंत? मी आले नाही ही माझी चूक. ती तुमच्या खात्यावर ढकलणार नाही.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी रडले, हेही लिहून ठेवते. भांडण मिटायचं राहिलं म्हणून नव्हे, तुम्ही गेलात म्हणूनच. शेजारच्यांचा पंखा बिघडला होता, मी सवयीनं म्हणाले, माणिकअण्णांना विचारू. आणि मग तिथंच बसले.

परवा प्रभाक्कांनी, तुमच्या बायकोनं, मला बोलावून घेतलं. तुमचा सगळा ड्रोनचा पसारा एका पेटीत भरून ठेवला होता त्यांनी. म्हणाल्या, "बाई, हे मला कळत न्हाई. पोरांचं हाय, पोरांकडं जाऊ द्या. ते लई नाव काढायलते तुमचं शेवटी शेवटी." डोळ्याला पदर लावत म्हणाल्या. त्यांना काही ठाऊक नाही, हे मला त्यांच्या तोंडावरूनच कळलं. पेटीत पंखे होते, वाळूची पिशवी, दोन रिमोट, आणि औषधाच्या छोट्या पाकिटांत घातलेली कॅमेऱ्याची कार्डं. एका पाकिटावर तुमचं अक्षर. 'राजेश्वर. ठेवणे.'

ते कार्ड मी प्रयोगशाळेत, भर दुपारी, दार लोटून बघितलं. या ड्रोनच्या चित्राला आवाज नसतो हे तुम्हीच शिकवलंत. सगळं मुकं. जमीन वर वर येते, गवत, फक्कीची रेघ, खुर्च्यांचे पाय, मग माणसं. डावीकडे मी. अण्णा, माझा हात वर आहे. तळवा पुढे, थांबा म्हणताना धरतात तसा. तोंड मिटलेलं. मध्ये तुम्ही, पाहुण्यांकडे बघत हसताय. तुमचं तोंड उघडतं आणि मोकळ्या हातानं तुम्ही भाग्यश्रीला बोलावता, ये, ये. ती येते. मग सगळं गरगरतं.

मी ते नऊ वेळा लावलं. माझा वर केलेला हात बघून मला तुमची चूक दिसायच्या आधी माझीच दया आली. वर्षभर ज्या हाताबद्दल मी स्वतःला विचारत होते, तो तुमच्या कपाटात एका पाकिटात पडून होता. 'ठेवणे'. कुणासाठी ठेवलंत? फेकून द्यायचं धाडस झालं नाही आणि दाखवायचंही झालं नाही, असंच ना? चूक कुणाच्याही हातून होते. डाव्याचं उजवं झालं, गडबड झाली, हाक आधी गेली. त्याच दिवशी 'चुकलं माझं' म्हणाला असतात तर मी स्वतः संस्थेसमोर तुमच्या बाजूनं उभी राहिले असते. भांडले असते तुमच्यासाठी. मला तुम्ही कारकूनबाई म्हणायचात, पण तुम्हाला माझी एवढीही ओळख पटली नव्हती.

आज सकाळी मी एकटीच राजेश्वरला गेले. मला तुमची बदनामी करायची नव्हती. मला एवढंच वाटत होतं, की त्या पोरीच्या मनात बाईंनी मला आगीत ढकललं असं बसलंय, ते निघावं. तिचे वडील शेतात होते. आईनं चहा ठेवला. भाग्यश्री आता दहावीत आहे, भुवईत एक बारीक रेघ राहिलीय. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. मी फोनवर तिला ते दाखवलं. तिनं शेवटपर्यंत बघितलं. मला वाटलं, आता तिला धक्का बसेल.

"मला ठाऊक होतं बाई," ती म्हणाली.

मी म्हटलं, काय ठाऊक होतं?

"काकांनीच बोलावलेलं. मी त्यांच्याकडंच बघायलते, तुमच्याकडं बघितलंच न्हाई." ती ओट्याची माती नखानं उकरायला लागली. "दवाखान्यात काका माझ्यापाशी बसलते. टाके घालायच्या आदी. म्हणले, इचारलं तर बाईंनी हाक दिली म्हण. माझं नाव आलं तर वर्ग बंद व्हतंय. म्हणले, बाई समजून घेतील."

टाके घालायच्या आधी, अण्णा. तिच्या भुवईतून रक्त गळत होतं तेव्हा.

"मी दोनदा बीदरला, शाळंच्या गेटपर्यंत आलते," ती सांगत होती. "तुमी दिसला की वापस जायलते. बाई, तुमी समजून घेतलं व्हय?"

इतके दिवस मी माझ्यावरचा अन्याय मोजत होते. मला काय माहीत, की एक चौदा वर्षांची पोर तिकडे तुमचं खोटं सांभाळत बसलीय, आणि मी ते समजून घेतलंय का याची वाट बघतेय. माझं नाव घेतलंत ते मी कदाचित कधीतरी सोडूनही देईन. तुमचं वय झालं होतं, वर्ग तुमचा जीव होता, भावकी समोर बसली होती, हे सगळं मला कळतं. पण ज्या पोरांना आपण आधी बघा मग बोला असं शिकवलं, त्यांतल्या एकीला तुम्ही बघितलेलं न बोलायला शिकवलंत. आणि माझ्या समजूतदारपणाचा हवाला देऊन. ते मी समजून घेतलेलं नाही. घेणारही नाही.

तिला मी तेच सांगितलं. म्हटलं, नाही भाग्यश्री, मी समजून घेतलं नाही, आणि तू काही चुकीचं केलं नाहीस, तुला मोठ्या माणसानं सांगितलं होतं. तेव्हा ती रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "परवा सभेला मी येऊ का? सांगू का सगळ्यांसमोर? काका गेलेत आता, चालतंय का?"

प्रभाक्का पहिल्या रांगेत असतील. तिचे वडील असतील. हेडमास्तरांना चांगलं ऐकायचंय. आतून तिच्या आईनं कपबशांचा आवाज थांबवला होता, ती ऐकत होती. मी म्हटलं, ये. तुला बोलावंसं वाटलं तर बोल, नाही वाटलं तर नुसती बस. मी तुझ्या शेजारी आहे.

प्रभाक्कांना मी उद्या तेराव्याचं जेवण झाल्यावर एकटीला गाठून सगळं सांगणार आहे. त्यांना ते सभेत पहिल्यांदा कळू नये. परवा आधी मी बोलेन. पुरीचं आणि बॅटरीचं सांगेन, भाडेकरूचं सांगेन, आईच्या हातच्या भाजीचंही सांगेन, आणि एक शब्द खोटा बोलणार नाही. मग भाग्यश्री उभी राहील. सगळं गाव, सगळी शाळा ऐकेल आणि मला माझं नाव परत मिळेल. पण अण्णा, तुमच्या जागी तिथं हार घातलेला फोटो असेल. मला हवं होतं, ती बोलेल तेव्हा तुम्ही समोर बसलेले असावेत, आणि मान वर करून म्हणावं, व्हय, खरं सांगायलीय पोरगी.